पातं, भाता, फीत

मराठीतला ‘जुना’ आणि संस्कृतातला ‘जीर्ण’ हे एकाच धातूचे. झिजणं, जरा येणं या अर्थाच्या ‘जॄ’पासून ‘जीर्ण’ झाला, त्याचंच दुसरं रूप ‘जूर्ण’, प्राकृतात ‘जुण्ण’ आणि आपल्याकडे ‘जुना’. म्हणजे मुळात जुना म्हणजे नुसता वय झालेला नव्हे, तर झिजलेला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ताडपत्रीवर मांडलेला फिल्मचा कॅमेरा हातात घेतला की हा अर्थ बोटांना कळतो. कडांवरचा काळा रंग उडून खालचं पितळ उघडं पडलेलं असतं, आणि ते नेमकं तिथेच असतं जिथे आधीच्या मालकाची बोटं वर्षानुवर्षं टेकली. याच धातूतून आलेला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. मला तो कॅमेऱ्यालाही लावावासा वाटतो, कारण उद्धार म्हणजे वर उचलणं, आणि जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत पहिलं काम तेच असतं.

विकणाऱ्याचा शब्द मात्र वेगळा असतो. ‘भंगारात आलंय, घ्यायचं तर घ्या.’ भंगार म्हणजे मोडकं धातूकाम, ‘भंग’शी नातं सांगणारा शब्द. पण गोव्यात ‘भांगर’ म्हणजे सोनं. ‘भांगराळें गोंय’ म्हणजे सोनेरी गोवा. हे ‘भांगार’ आपल्याकडेही होतं. ज्ञानेश्वरीत भांगार म्हणजे सोनंच. ते आलं संस्कृत ‘भृंगार’पासून, भृंगार म्हणजे सोन्याची झारी आणि खुद्द सोनंही. दोन्ही शब्दांची कुळं निराळी, पण आवाज इतका जवळचा की एक टिकला आणि दुसरा कोकणी बाजूला जाऊन सुरक्षित राहिला. जुन्या कॅमेऱ्याची घासाघीस करताना दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं असतं.

आता ‘कॅमेरा’. ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानदार छत. लॅटिनमध्ये तो ‘कामेरा’ झाला. आधी घुमटी खोली, मग कुठलीही खोली. योहानेस केप्लरने १६०४ साली ‘कामेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, हा शब्दप्रयोग छापून रूढ केला. त्याच्या सहा शतकं आधी इब्न अल-हैथम हा अरब शास्त्रज्ञ भोकातून आलेल्या उजेडाचा अभ्यास करताना त्याच अर्थाचा शब्द वापरत होता: ‘अल-बैत अल-मुझलिम’, काळोखं घर. पुढे बोलण्यातून ‘अंधारी’ गळलं आणि नुसती ‘खोली’ उरली. हीच लॅटिन खोली पोर्तुगीजांच्या तोंडी ‘कामरा’ झाली आणि त्यांच्या गलबतांतून भारतात उतरून ‘कमरा’ झाली. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत नगरपालिकेला ‘कामरा म्युनिसिपाल’ म्हणत, ती खोली सभेची. स्पॅनिश शिपाई एका खोलीत राहणाऱ्या सोबत्याला ‘कामारादा’ म्हणत. त्याचा ‘कॉम्रेड’ झाला. म्हणजे कमरा, कॅमेरा, कॉम्रेड आणि वकिलाचं चेंबर ही सगळी एकाच छताखालची मंडळी.

ही व्युत्पत्ती नुसती गंमत म्हणून सांगण्यासारखी नाही. जुना कॅमेरा विकत घेताना ती फार उपयोगाची आहे. कॅमेरा ही खोली आहे, आणि खोलीत अंधार पुरा आहे की नाही एवढंच आधी पाहायचं. मागचं दार जिथे बंद होतं त्या खाचांत फोमची पट्टी असते. पंचवीस-तीस वर्षांत ती कुजून चिकट, काळी होते, बोटाला डांबरासारखी लागते आणि उजेड आत घेते. फोटोवर नारिंगी ओघळ दिसतात ते त्याचेच. ही जुनी पट्टी स्पिरिटने खरवडून नवी चिकटवणं हे जीर्णोद्धारातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधानाचं काम. ज्याला यातलं काहीच येत नाही त्याने इथून सुरुवात करावी.

खोलीच्या खिडकीला आपण ‘लेन्स’ म्हणतो. लॅटिन ‘लेन्स’ म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर काचेचा तुकडा मसुरीच्या दाण्यासारखा दिसला म्हणून त्याला डाळीचं नाव मिळालं. अरबीतही ‘अदसा’ म्हणजे लेन्स आणि ‘अदस’ म्हणजे मसूर. मराठीने मात्र आकाराकडे न बघता पदार्थाकडे बघितलं. जुन्या मराठीत ‘भिंग’ म्हणजे काच, काचेचा तुकडा. शाळेच्या पुस्तकाने त्याला ‘बहिर्गोल’ आणि ‘अंतर्गोल’ ही विशेषणं जोडली, आणि हा शब्द घराघरांत टिकला. घड्याळजी डोळ्याला लावतो तेही भिंगच. परिभाषा घडवणाऱ्यांनी लोकांच्या तोंडचा शब्द उचलला की तो कसा रुजतो याचं हे चांगलं उदाहरण. या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे.

भिंगाचा शत्रू आपल्या हवेत वाढतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामड्याच्या पिशवीत, कपाटाच्या अंधारात पडून राहिला की भिंगावर बुरशी धरते. दुकानदार तिला ‘फंगस’ म्हणतात. मोबाइलची बॅटरी पेटवून भिंगाच्या मागून धरली आणि पुढून तिरकं पाहिलं की बारीक पांढरे धागे फांद्या फुटल्यासारखे पसरलेले दिसतात. ही बुरशी आम्ल सोडते आणि ते आम्ल काचेवरचा मुलामा खातं. लवकर सापडली तर भिंग उघडून पुसून काढता येते. मुलाम्यात रुतली असेल तर काच स्वच्छ केल्यावरही तिचा नकाशा तिथेच राहतो. म्हणून किंमत ठरवताना बाहेरच्या ओरखड्यापेक्षा आतली बुरशी पाहावी. आणि घरी आणल्यावर चामड्याची पिशवी वेगळी ठेवावी, कारण ओल धरून ठेवते ती पिशवी. कॅमेऱ्याला उजेड, वारा आणि सिलिका जेलची पुडी हवी.

भिंगाच्या कडेवर कोरलेली नावं वाचायला लागलो तेव्हापासून हे धातूचे तुकडे मला परके वाटेनासे झाले. ‘टेसार’ घ्या. झाइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फने १९०२ साली या भिंगाची रचना केली: तीन गटांत चार काचा. ग्रीकमध्ये ‘टेसारेस’ म्हणजे चार. तोच शब्द संस्कृतात ‘चत्वारः’, आणि आपल्याकडे ‘चार’. ग्रीक आणि संस्कृत एकाच मूळ भाषेच्या शाखा असल्यामुळे हे शब्द सख्खे भाऊ आहेत. कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. ‘पेंटॅक्स’मधला ‘पेंटा’ म्हणजे ‘पंच’, आपला ‘पाच’. १९५७ च्या या जपानी कॅमेऱ्याच्या डोक्यावर पेंटाप्रिझम बसवला होता, म्हणजे भिंगातून आलेलं उलटंसुलटं चित्र सरळ करून डोळ्यापर्यंत आणणारा पंचकोनी लोलक. नाव त्यावरून पडलं. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडला ‘ट्रायपॉड’ म्हणतात: ‘ट्राय’ म्हणजे त्रि आणि ‘पॉड’ म्हणजे पाद. आपली ‘तिवई’ आणि ‘तिपाई’ त्याच दोन शब्दांची बनलेली. शिवाय तिपाई इंग्रजांनी इथून नेली आणि तिचं ‘टीपॉय’ केलं. चहाशी त्या नावाचा मुळात काहीही संबंध नाही.

सूर्याची गोष्ट याहून मोठी आहे. सोव्हिएत ‘झेनिट’ कॅमेऱ्यावर येणारं भिंग म्हणजे ‘हेलिओस-४४’, ५८ मिलिमीटरचं. जुन्या भिंगांच्या बाजारात याला आज जेवढी मागणी आहे तेवढी त्याच्या तरुणपणीही नसेल, कारण याची पार्श्वभूमी गोल गोल फिरत पुसट होते आणि ते आता लोकांना आवडतं. ‘हेलिओस’ हा ग्रीकांचा सूर्यदेव. आणि हेलिओस, संस्कृत ‘सूर्य’ आणि जर्मन ‘झोन’ हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. जर्मन ‘झोन’ म्हणजे सूर्य हा अर्थ झाइसच्या ‘सोनार’ या प्रसिद्ध भिंगाच्या नावातही ऐकू येतो. हेलिओसचा आराखडा मात्र झाइसच्याच दुसऱ्या एका भिंगावरून घेतलेला, त्याचं नाव ‘बायोटार’. त्यातला ‘बायो’ म्हणजे ग्रीक ‘बिओस’, जीवन. आपल्या ‘जीव’चा सख्खा. म्हणजे सूर्य आणि जीव हे दोन शब्द महायुद्धानंतर जर्मनीतून रशियात गेले आणि तिथून ‘झेनिट’च्या तोंडावर बसून भारतातल्या दुकानांत आले.

‘झेनिट’ मात्र अरबी. डोक्यावरचा मार्ग या अर्थाच्या ‘सम्त अर-रास’मधला ‘सम्त’ युरोपातल्या लेखनिकांनी नकलताना ‘म’ची उभी दांडी ‘नि’ अशी वाचली आणि ‘सेनिट’ केलं. एका वाचनचुकीने ज्योतिषातला शब्द घडला. आपण त्या बिंदूला ‘खमध्य’ म्हणतो. झेनिट-ई हा १९६५ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनत होता आणि तीस लाखांवर गेला. जड आहे, आवाज मोठा आहे, पण आतली यंत्रणा इतकी सरळ की दुरुस्ती शिकणाऱ्याने यावरच हात बसवावा. याच्या आधीच्या कॅमेऱ्याचं नाव ‘झोर्की’, रशियनमध्ये तीक्ष्ण नजरेचा. अशी नावं ठेवणारी माणसं मला जवळची वाटतात.

पण या साऱ्यांत माझं सगळ्यात लाडकं नाव आहे ‘कॅनन’. टोकियोतल्या एका लहान कार्यशाळेत गोरो योशिदा आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३४ साली जपानमधला पहिला ३५ मिलिमीटरचा, पडदा-शटरचा कॅमेरा करायला घेतला. त्याला नाव दिलं ‘क्वानन’, आणि त्याच्या भिंगाला ‘कश्यपा’. क्वानन म्हणजे बौद्धांची करुणेची देवता, चिनी ‘ग्वानयिन’, आणि तिचं संस्कृत मूळ ‘अवलोकितेश्वर’. कश्यपा म्हणजे बुद्धाचा शिष्य महाकाश्यप. पुढच्या वर्षी जगभर विकण्यासाठी ‘कॅनन’ हे उच्चाराला जवळचं आणि ‘प्रमाण’ असा अर्थ असलेलं नाव नोंदवलं गेलं, आणि अवलोकितेश्वर आडोशाला गेला. चिनी नावाचा अर्थ आहे आवाज पाहणारा. कारण जुन्या संस्कृत रूपात शेवटी ‘ईश्वर’ नव्हता, ‘स्वर’ होता: ‘अवलोकितस्वर’. जगाचा आक्रोश जो पाहतो तो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हाच. कान्हेरीत तर त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. ‘अवलोकन’ हा शब्द आपण सरकारी अहवालात वापरून कोरडा केला. पाहणाऱ्या यंत्राला त्या माणसांनी हे नाव दिलं तेव्हा त्यात भक्ती होती.

आता घरातला कॅमेरा. महाराष्ट्रातल्या माळ्यांवर, आजोबांच्या ट्रंकेत सर्वांत जास्त सापडतो तो ‘आग्फा क्लिक-३’. बडोद्यात बनलेला, काळा, साधा, १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. ‘क्लिक’ हा आवाजाचा शब्द, आपल्या ‘खट्‌’सारखा. ‘आग्फा’ हे बर्लिनच्या एका कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांचं: ‘आक्टियेन-गेझेलशाफ्ट फ्यूर अनिलीन-फाब्रिकाट्सिओन’, म्हणजे अनिलीन बनवणारी भागभांडवली कंपनी. १८६७ साली ती रंगांच्या धंद्यासाठी सुरू झाली. फोटोचं सामान नंतर आलं. आणि हे ‘अनिलीन’ काय? एकोणिसाव्या शतकात नीळ तापवून जो द्रव मिळाला त्याला निळीच्या पोर्तुगीज नावावरून, ‘अनिल’वरून, अनिलीन म्हणू लागले. पोर्तुगीज ‘अनिल’ आलं अरबी ‘अन-नील’मधून, आणि अरबांनी तो शब्द घेतला होता भारतातून: संस्कृत ‘नील’, ‘नीली’. म्हणजे आग्फातल्या दुसऱ्या ‘आ’मागे आपली नीळ आहे. इथून नीळ गेली, अरबस्तान, पोर्तुगाल आणि बर्लिन असा फेरा करून बडोद्यात आली आणि मराठी घरांतली लग्नं, बारशी टिपत राहिली. हा कॅमेरा कुणी फेकायला निघालं की मला गप्प बसवत नाही. १२० नंबरचा रोल आजही बनतो, मिळतो. भिंग पुसलं, रोल फिरवायचं बोंडूक मोकळं केलं की तो चालतो.

इथवरची नावं धातूवर कोरलेली. दुरुस्तीच्या मेजावर बोलली जाणारी मराठी निराळी आहे आणि मला खरं बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

घडीच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये घड्यांची कातडी पिशवी असते. इंग्रजीत तिला ‘बेलोज’ म्हणतात, आणि हा इंग्रजी शब्द लोहाराच्या भात्याचाच आहे. आपल्याकडे जुना कारागीर तिला सरळ ‘भाता’ म्हणतो. संस्कृत ‘भस्त्रा’ म्हणजे चामड्याची पिशवी. त्यातून लोहाराचा भाता, पेटीचा भाता, बाणांचा भाता, आणि नाकाने वारा भरून करायची भस्त्रिका. कॅमेऱ्याच्या भात्यात वारा नसतो, अंधार असतो, आणि तो कोपऱ्यांच्या घडीवर फुटतो. अंधाऱ्या खोलीत आत लहान दिवा धरून भाता ताणला की सुईच्या टोकाएवढे तारे दिसतात. तिथे पातळ कातड्याचं ठिगळ आणि काळा रंग. पुरा भाताच नवा घालायचा तर घड्या पाडण्याचं काम पेटी दुरुस्त करणाऱ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही. कातडं सोलून कागदाएवढं पातळ करणं, आतून जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवणं हे त्यांच्या रोजच्या हातातलं असतं. केरळात आलप्पुळ्याला १९४० च्या दशकात के. करुणाकरन यांनी ‘वागीश्वरी’ नावाचा लाकडी स्टुडिओ कॅमेरा बनवला, तोही अशाच घरात. धंदा वाद्यदुरुस्तीचा, आणि सुरुवात झाली ती एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा भाता दुरुस्तीला आला त्यातून, असं सांगितलं जातं. वागीश्वरी म्हणजे सरस्वती. वाद्यांच्या घराने कॅमेऱ्याला ठेवावं असं याहून नेमकं नाव सुचत नाही. आपल्या कोल्हापुरातही पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः जुळवला. त्या कार्यशाळेतले शब्द कुणी टिपून ठेवले असते तर आज आपल्याकडे यंत्रविद्येचा एक जिवंत कोश असता.

‘पातं’ हा दुसरा शब्द. भिंगाच्या आत उघडझाप करणाऱ्या पोलादी पाकळ्यांना कारागीर ‘पाती’ म्हणतात. ‘पात्यांना तेल आलंय, चिकटतात’ हे वाक्य जुन्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक खरेदीदाराला एकदा तरी ऐकावं लागतं. इंग्रजीत अशा शटरला ‘लीफ शटर’ म्हणजे पानाचं शटर म्हणतात, आणि आपलं ‘पातं’ही संस्कृत ‘पत्र’पासून, पानापासूनच. पण मराठीत एक अर्थ जादा आहे. पापणीलाही आपण पातं म्हणतो: पातं लवतं न लवतं तोच. शटर हे कॅमेऱ्याचं पातंच. सेकंदाच्या पाचशेव्या भागात लवणारं. अशा शटरांतलं सगळ्यात नावाजलेलं जर्मन शटर ‘कॉम्पुर’. त्याच्या आधीच्या शटरचं नाव ‘कॉम्पाउंड’. त्यात वेळ मोजायला हवेचा दट्ट्या होता. १९१२ च्या सुमारास त्याजागी घड्याळाची दातेरी चाकं आली म्हणून त्या नावाला जर्मन ‘ऊर’, म्हणजे घड्याळ, जोडलं. हा ‘ऊर’ लॅटिन ‘होरा’मधून आला, लॅटिन ‘होरा’ ग्रीकमधून, आणि ग्रीकांकडूनच आपल्या ज्योतिषांनी ‘होरा’ घेतला. ‘माझा होरा चुकला नाही’ असं म्हणताना आपण हाच शब्द वापरतो. कॉम्पुर घड्याळजीकडे न्यावं, हा सल्ला त्यामुळे शब्दानेही खरा आणि अनुभवानेही. सुकलेलं वंगण धुऊन काढलं की एक सेकंदाचं शटर पुन्हा पूर्वीसारखं गुणगुणतं.

पडदा-शटरच्या कॅमेऱ्यात रबर लावलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे असतात आणि त्यांना ओढणाऱ्या अरुंद पट्ट्या. कारागीर म्हणतो, ‘पडदा ठीक आहे, फीत तुटलीय.’ ‘पडदा’ फारसी, ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’. पोर्तुगीजमध्ये फिता म्हणजे रिबीनही आणि सिनेमाची फिल्मही. आपणही चित्रफीत, ध्वनिफीत म्हणतो. ‘चावी’ही पोर्तुगीजच. भिंग ज्या गोल चक्राने कॅमेऱ्यात फिरून बसतं त्याच्या खाचांना ‘आटे’ म्हणतात. बेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांची बसण १९४९ साली ड्रेस्डेनच्या ‘कॉन्टॅक्स-एस’वर आली आणि इतक्या देशांनी उचलली की आज एकाच कॅमेऱ्याला जर्मन, जपानी आणि रशियन भिंगं चढतात. आटे झिजले की भिंग डुलतं, चिकटले की निघत नाही. मराठीत डोक्याचेही आटे ढिले होतात. भिंगावरच्या झाकणाला ‘टोपण’ हा शब्द तयारच होता.

या शब्दांकडे बघा. भाता लोहाराचा, पाती सुरी-कातरीची, फीत शिंप्याची, पडदा नाटकाचा, आटे सुताराचे आणि नळवाल्याचे. कुणी समिती नेमली नाही. यंत्र दुकानात आलं, कारागिराने ते उघडलं आणि आपल्या हातातल्या दुसऱ्या वस्तूचं नाव त्याला दिलं. पारिभाषिक कोशांनी या माणसांना विचारलं नाही. त्यांनी शटरला एक लांबलचक संस्कृत शब्द दिला, ॲपर्चरला दुसरा, आणि ते शब्द कोशात राहिले. मला संस्कृताशी भांडण नाही. ‘छायाचित्र’ हा शब्द तर मला फार सुंदर वाटतो. छाया म्हणजे सावली आणि छाया म्हणजे कांतीही, दोन्ही अर्थ संस्कृतात आहेत, आणि फोटोत दोन्ही असतात. ग्रीक ‘स्किआ’, म्हणजे सावली, हा छायेचाच भाऊ. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदावर उजेडाचं चित्र पकडलं तेव्हा त्याने पहिल्यांदा जे नाव योजलं ते होतं ‘स्किआग्राफी’, छायालेखन. १८३९ साली जॉन हर्शेलने ‘फोटोग्राफी’, प्रकाशलेखन, हा शब्द पुढे केला आणि तोच जगभर गेला. मराठीने नकळत टॅल्बटचा मागे पडलेला शब्द जपला. पण असे कोशातले शब्द मोजके. बाकीचे मेजावरच शोधावे लागतील, आणि ती मेजं आता थोडीच उरली आहेत. मुंबईत फोर्टच्या गल्ल्यांत, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जे जुने कारागीर अजून बसतात त्यांच्यासमोर वही घेऊन बसायला हवं. ते कॅमेरा उघडताना काय काय म्हणतात ते ऐकायला हवं.

क्रियापदं तर मराठीने स्वतःचीच घडवली. फोटो आपण ‘काढतो’, चित्र काढतात तसा. ‘टिपतो’, पाखरू दाणा टिपतं तसा. टीपकागद शाई टिपतो, शिकारी नेम धरून टिपतो, आणि टिपण म्हणजे नोंद. चार अर्थ एका शब्दात आणि चारही फोटोला लागू. आणि भरलेला रोल आपण ‘धुवायला टाकतो’. इंग्रजी ‘डेव्हलप’च्या मुळाशी गुंडाळलेलं उलगडणं आहे, आपण त्याला धुणं म्हटलं, कारण दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत प्रत्यक्षात तेच दिसत होतं: पाणी, ओलं टपटपणारं रीळ, दोरीवर चिमट्याने वाळत घातलेलं.

जीर्णोद्धार पुरा झाला की नाही हे ठरतं ते असा पहिला रोल धुतल्यावर. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कृष्णधवल रोल भारतभर वापरात होता तेव्हा त्यावर नाव असे ‘इंदू’, म्हणजे चंद्र. आणि फिल्मवर थर असतो तो चांदीच्या क्षारांचा. युरोपातल्या किमयागारांनी चांदीचं चिन्ह चंद्रच मानलं होतं. उजेड न लागलेली ही चांदी धुऊन काढणारं द्रावण हर्शेलनेच १८१९ साली शोधलं होतं, फोटोग्राफी जन्मायच्या वीस वर्षं आधी. त्याला तेव्हा ‘हायपोसल्फाइट’ म्हटलं गेलं. रसायनशास्त्राने पुढे त्याचं नाव बदलून थायोसल्फेट केलं आणि ‘हायपोसल्फाइट’ हे दुसऱ्याच एका पदार्थाचं नाव ठरवलं. अंधाऱ्या खोलीत मात्र ते बदललं नाही. तिथे मराठी माणूसही आजवर ‘हायपो’च म्हणतो, आणि त्या नावाने बाटली मागितली की बरोबर तीच बाटली हातात येते.